फिरंग-तरवारींची साक्ष : जुन्या शस्त्रांच्या संग्रहासंबंधीं कांहीं विचार

१

महाराष्ट्रांत जुने कागद शोधणें, त्यांच्या नकला करणें आणि ते टीपांसह छापणें हा उद्योग आतां सव्वाशें वर्षांचा झाला. कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. तेव्हांपासून कागद हातीं आला म्हणजे त्याची परीक्षा कशी करावी, याचे कांहीं नियम आपल्याकडे रुजले. अक्षर कोणाचें, शिक्का कोणता, तिथि-वार जुळतात कीं नाहीं, कागद अस्सल आहे कीं नक्कल, कोणत्या दप्तरांत सांपडला, हे प्रश्न आतां नवशिका संग्राहकहि विचारतो. परंतु त्याच वाड्यांत, दप्तराच्या रुमालाशेजारीं ठेवलेल्या तरवारीशीं गांठ पडली म्हणजे हा सावधपणा आपण विसरतों. तेथें ‘ही कोणाची?’ एवढा एकच प्रश्न विचारला जातो, आणि उत्तरांतील पुरुष जितका थोर तितका ऐकणाराचा आनंद अधिक.

तरवार, कट्यार, पट्टा, बिचवा हीं हत्यारें लेखी कागदाइतकींच वाचतां येण्यासारखीं आहेत, असें आमचें म्हणणें आहे. मात्र तरवार वाचतांना आपण एक वस्तु वाचीत नसून तीन-चार वस्तु एकत्र वाचीत असतों, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. पातें एका काळचें, मूठ दुसऱ्या काळची, लेख तिसऱ्या काळचा आणि घराण्याची आख्यायिका चौथ्या काळची, असा प्रकार जुन्या हत्यारांत वरचेवर आढळतो. या चारांची साक्ष निरनिराळी घेतल्यावांचून तरवारीचा इतिहास लागत नाहीं. हें स्पष्ट करण्यास फिरंगेइतकें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत मुख्यत्वेंकरून फिरंगेचाच विचार केला आहे.

२

‘फिरंग’ हा शब्द फ्रँक या युरोपीय लोकांच्या नांवावरून अरबी-फारसीच्या मार्गें आपल्या भाषेंत आला. मराठींत फिरंगी म्हणजे प्रायः पोर्तुगीज, आणि फिरंग्यांच्या मुलुखांत घडलेल्या पात्याची तरवार ती फिरंग. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें. पुढें त्यांच्याबरोबर इतरहि युरोपीय व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर आले, आणि त्यांच्या जहाजांतून युरोपीय पातीं दख्खनेंत येत राहिलीं. कांहीं तरवारींस ‘आलेमानी’ असें नांव आढळतें, तें जर्मन देशावरून पडलेलें आहे. लांब, सरळ व लवणारें पातें तयार मिळूं लागल्यावर येथील कारागिरांनीं त्यावर आपल्या घाटाची मूठ बसविली, आणि या संयोगांतून जें हत्यार निघालें तें मराठ्यांच्या हातीं विशेष शोभलें.

या मुठीचा घाट अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. पात्याच्या मुळाशीं दोन्ही अंगांनीं त्यास धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बोटांचें रक्षण करणारी रुंद परज, थाळीसारखा माथा आणि माथ्यांतून बाहेर आलेला किंचित् वांकडा गज, हीं तिचीं मुख्य अंगें होत. हा गज डाव्या हातानें धरून दोन्ही हातांनीं वार करतां येतो. पट्ट्याची रचना याहून निराळी आहे. त्यांत मनगटापासून कोपराच्या दिशेनें हात झांकणारी लोखंडी खोळ असते, आणि मूठ आंत आडवी धरावयाची असते. मात्र पट्ट्यासहि लांब व लवचीक युरोपीय पातें बसविलेलें पुष्कळ वेळां दिसतें.

येथें एका गैरसमजाचें निवारण केलें पाहिजे. परदेशचीं पातीं घेतलीं यावरून येथील पोलाद हलकें होतें असें कोणी अनुमान काढील, तर तें चुकीचें होईल. दख्खनेंतील मुशींत वितळविलेलें पोलाद दूरदेशीं प्रसिद्ध होतें. हल्लींच्या तेलंगणांतील कोनसमुद्रम् या गांवीं तें कसें तयार होई, याचें वर्णन डॉ. व्हॉयसे यांच्या टिपणावरून १८३२ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापलें गेलें. इराणचे व्यापारी हा माल घेण्यासाठीं त्या गांवापर्यंत येत. १७९५ सालीं जॉर्ज पिअर्सन यांनीं मुंबईहून गेलेल्या अशाच पोलादाच्या वड्यांची परीक्षा करून लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचला. या पोलादांत कर्बाचें प्रमाण सुमारें दीड टक्का असतें. मूस हळूहळू निवली आणि वडी बेताच्या उष्णतेवर ठोकली म्हणजे त्यांत कठीण व मऊ थर रांगांनीं लागतात, आणि पातें हिराकसाच्या पाण्यानें उजळलें असतां त्यावर पाण्याच्या लहरींसारखी रेषा उमटते. तिलाच जोहर म्हणतात. फिरंगेच्या पात्यावर ही लहर नसते. तेव्हां पातें जोहरदार आहे कीं साधें, हें पाहणें ही परीक्षेची पहिली पायरी होय.

३

दुसरी पायरी खुणांची. युरोपांतील घडणारे आपल्या पात्यांवर खूण किंवा नांव ठोकीत. जर्मनींतील पासाउ शहराची खूण म्हणजे चार रेघोट्यांनीं काढलेला धांवता लांडगा. परंतु या खुणेची प्रतिष्ठा वाढतांच झोलिंगेन येथील कारागिरांनींहि तीच खूण आपल्या मालावर घालण्यास प्रारंभ केला. इटलींतील बेलुनो गांवचा आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकांतील नामांकित कारागीर. त्याचें नांव त्याच्या मागून कित्येक पिढ्या झोलिंगेनच्या पात्यांवर उमटत राहिलें, आणि अशीं पातीं स्कॉटलंडांत विपुल खपलीं. जेनोआ शहराचें नांव व त्यासोबत येणारी दांतेरी अर्धचंद्राची जोडखूण यांची तर कॉकेशस, अफगाणिस्तान व हिंदुस्थान येथील लोहारांनींहि नक्कल केली. तात्पर्य, खूण ही जन्मपत्रिका नव्हे. ती त्या काळच्या बाजारांत कोणत्या नांवास मान होता एवढें निश्चयानें सांगते.

पूर्वेकडेहि हाच न्याय लागू आहे. इराणी व हिंदुस्थानी पात्यांवर ‘असदुल्ला इस्फहानी’ हें नांव सोन्याच्या लहान चौकटींत लिहिलेलें इतक्या वेळां आढळतें, आणि त्यांतील सालें इतकीं दूरदूरचीं असतात, कीं तीं सर्व पातीं एका माणसाच्या आयुष्यांत मावणें शक्य नाहीं. तें नांव पुढें उत्तम पात्याचें बिरुद होऊन बसलें. अशा पात्यांवर कधीं कधीं चार घरांचा एक चौकोन असतो, आणि त्यांत २, ४, ६ व ८ हे अंक किंवा अबजद पद्धतीनें त्यांच्या बरोबरीचीं बे, दाल, वाव व हे हीं अक्षरें असतात. हें रक्षणयंत्र आहे. त्यास घडल्याचें साल समजून कोणी वाचूं नये.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक गोष्ट येथें विशेष रुचेल. देशी लोहारानें युरोपीय अक्षरांची नक्कल केली असतां त्यास ती लिपि येत नसल्यामुळें अक्षरें उलटीं पडतात, एखादें गळतें, एखादें दोनदां येतें, आणि शेवटीं अर्थहीन रेघांची ओळ उरते. फारसी न जाणणाऱ्या कारकुनानें फारसी शब्द उतरून काढले म्हणजे जी अवस्था होते तीच ही. पोथीच्या पाठांतरांवरून आपण मूळ प्रत व नक्कल निराळी करतों, त्याच युक्तीनें पात्यावरील बिघडलेल्या अक्षरांवरून युरोपीय पातें व त्याची देशी नक्कल निराळी करतां येते. नक्कल ठरली म्हणून तें पातें टाकाऊ होत नाहीं. परदेशी मालाच्या स्पर्धेंत येथील लोहार काय करीत होता याचा पुरावा म्हणून तें अधिकच मोलाचें ठरतें.

४

आतां मुठीकडे वळूं. साध्या बांकदार तरवारीचें पातें मुठीस खिळ्यानें जोडलेलें नसतें. पात्याचा मागील निमुळता दांडा पोकळ मुठींत घालून भोंवतीं तापविलेली लाख किंवा राळ ओततात, आणि ती थंड झाली म्हणजे जोड पक्का होतो. मूठ पुन्हां तापविली कीं पातें सुटून येतें. ही सोय शिपायास फार उपयोगी होती. पातें मोडलें तर मूठ वांचे, मूठ झिजली तर पातें वांचे. परंतु हीच सोय संशोधकास घातक झाली आहे. बाजारांत चांगली मूठ व चांगलें पातें निरनिराळ्या घरांतून घेऊन एकत्र बसविणें हें अर्ध्या तासाचें काम आहे.

फिरंगेचा जोड याहून प्रामाणिक आहे. तिच्या मुठीच्या लांब पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांवर येतात, आणि पातें त्यांच्या मध्यें खिळे मारून पक्कें केलेलें असतें. पातें बदलावयाचें म्हणजे खिळे कापावे लागतात आणि नवीं भोंकें पाडावीं लागतात. म्हणून फिरंग हातांत घेतली म्हणजे आधीं खिळ्यांचीं डोकीं पाहावीं. तीं एकसारखीं झिजलेलीं आहेत काय? पट्ट्यांच्या खालीं पात्यावर वापराबाहेर पडलेलें जुनें भोंक डोकावतें काय? पट्टीच्या कडेला पात्याचा रंग एकदम बदलतो काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून मूठ व पातें यांचा सहवास किती जुना आहे याचा अंदाज येतो. जुनी दुरुस्ती सांपडली तर तीहि जपली पाहिजे. पातें तीन पिढ्या वापरांत होतें याची ती साक्ष असते.

म्यानाचीहि अशीच परीक्षा करावी. म्यानाच्या तोंडाशीं मोहनाळ व टोकाशीं तहनाळ अशा धातूच्या दोन टोप्या असतात. त्यांवरील नक्षी मुठीच्या नक्षीशीं जुळत असेल तर तें म्यान मूळचें असण्याचा संभव अधिक, आणि पातें म्यानांत अर्धें अडकत असेल किंवा खुळखुळत असेल तर तें दुसरीकडून आलेलें समजावें.

५

शस्त्रावरील लेख हा प्रकार आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याचे दोन भेद करणें सोयीचें होईल. एक, मालकाचें किंवा कारागिराचें नांव मिरविण्यासाठीं सोन्यानें लिहिलेला लेख. दुसरा, शिलेखान्याच्या कारभारासाठीं ठोकलेली नोंद. दुसऱ्या प्रकाराचें उत्तम उदाहरण बिकानेरच्या शस्त्रांचें आहे. तेथील शिलेखान्यांतील हत्यारांवर बारीक टोच्यानें ठिपके पाडून देवनागरींत नोंदी केलेल्या आहेत. महाराजा अनुपसिंह हे औरंगजेबाच्या बाजूनें दख्खनेंत लढत होते. अदोनीच्या विजयानंतर, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, तेथून नेलेल्या शस्त्रांवर व चिलखतांवर त्या विजयाचा उल्लेख कोरला गेला. त्यामुळें आज तीं शस्त्रें जगाच्या कोणत्याहि संग्रहालयांत असलीं तरी दख्खनी घडणीचीं म्हणून ओळखूं येतात, आणि तीं अमुक सालापूर्वींचीं आहेत हें सिद्ध होतें. ठिपक्यांची ती ओबडधोबड ओळ दिसावयास कुरूप असते, पण पुष्कळदां सोनेरी लेखाहून अधिक विश्वासार्ह असते. कारकुनास खोटें बोलण्याचें कारण नव्हतें.

पहिल्या प्रकाराचें उदाहरण अगदीं ताजें आहे. एप्रिल २०२५ मध्यें लंडन येथील एका लिलांवांत नागपूरकर भोसल्यांची एक तरवार विक्रीस आली. ती महाराष्ट्र शासनानें सुमारें ४७ लक्ष १५ हजार रुपये खर्चून मिळविली, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत ती मुंबईस आली. पातें सरळ, एकधारी व युरोपीय. मूठ मुल्हेरी घाटाची असून तिजवर सोन्याचें नक्षीकाम आहे. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ असा लेख आहे.

आमच्या दृष्टीनें या लेखांतील शेवटचा शब्द सर्वांत मोलाचा आहे. ‘फिरंग’ हें नांव ग्रंथांत व कागदांत मिळतें. पण येथें तें प्रत्यक्ष वस्तूवरच लिहिलेलें आहे, आणि ती वस्तु पात्यानें युरोपीय व मुठीनें देशी आहे. म्हणजे त्या काळीं फिरंग कशास म्हणत याचा वाद वस्तूनेंच मिटविला. याहून स्वच्छ पुरावा कोशकारास हवा तरी कोणता?

लेखांतील नांवासंबंधीं मात्र कागदाच्या परीक्षेंतील शिस्त येथेंहि पाळावी लागेल. ही तरवार पहिल्या रघोजींची (१६९५–१७५५) म्हणून प्रसिद्ध झाली आहे. ज्यांनीं बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ मध्यें ओरिसा मिळविला, त्या पुरुषाची ती असावी ही कल्पना मनास सुखविणारी आहे. परंतु रघोजी हें नांव व सेनासाहेब सुभा हें पद त्यांच्या नातवाकडेहि होतें. १८०३ चा देवगांवचा तह ज्यांनीं केला व जे १८१६ मध्यें वारले, ते दुसरे रघोजीहि सेनासाहेब सुभाच होते. लेखांत शक नाहीं, पित्याचें नांव नाहीं. लेखावरून घराणें ठरलें, पद ठरलें, पिढी ठरली नाहीं. ती ठरविण्यास अक्षरांचें वळण, सोनें बसविण्याची रीत, मुठीचा घाट आणि नागपूरच्या जामदारखान्याच्या याद्या हींच साधनें होत. १८१७ सालच्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ही तरवार देशाबाहेर गेली असावी असा तर्क करण्यांत आला आहे. त्यासहि त्या काळच्या लुटीच्या व भेटींच्या नोंदींचा आधार शोधावयास हवा. अशी चौकशी केल्यानें तरवारीचें महत्त्व कमी होत नाहीं. ती कोणत्याहि रघोजींची ठरली तरी नागपूरकरांच्या घराण्यांतील नांव असलेली फिरंग म्हणून तिची किंमत अबाधित आहे.

लेख मागाहून घातलेला आहे कीं काय, हें ओळखण्याची एक सोपी रीत आहे. भिंग घेऊन अक्षरांच्या आसपासचे गंजाचे खड्डे पाहावे. गंजानें अक्षर खाल्लें असेल तर अक्षर आधींचें. अक्षराची रेघ खड्ड्याच्या पोटांतून गेली असेल, किंवा खड्ड्यांत सोनें उतरलें असेल, तर लेख गंजाच्या मागूनचा. सोनें खोबणी कोरून तींत भरलें आहे, कीं पोलादावर बारीक चरे पाडून वर नुसतें ठोकून बसविलें आहे, हेंहि टिपून ठेवावें. पहिल्या रीतीस तहनिशान व दुसरीस कोफ्तगारी म्हणतात. कोफ्तगारी झिजली म्हणजे खालचे चरे उघडे पडतात. चरे अजिबात न दिसतां सोनें सर्वत्र सारखें चमकत असेल, तर तें नवें असण्याची शंका घ्यावी.

६

चौथी साक्ष परंपरेची. ही सर्वांत गोड व सर्वांत धोक्याची. १८७५-७६ मध्यें इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानांत आले असतां कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून त्यांस एक तरवार नजर झाली. ती आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहांत आहे, आणि १८९८ मध्यें पर्डन क्लार्क यांनीं केलेल्या सूचींत शिवछत्रपतींची म्हणून तिची नोंद आहे. पातें युरोपीय असून त्यावर येशू ख्रिस्ताच्या नांवाचीं ‘आय एच एस’ हीं अक्षरें तीनदां ठोकलेलीं आहेत. हिलाच भवानी समजून पुष्कळ लिहिलें गेलें. पुढें संशोधकांनीं कोल्हापूरच्या जुन्या नोंदींच्या आधारें ती ‘जगदंबा’ असल्याचें प्रतिपादन केलें. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. ख्रिस्ती अक्षरें पाहून तरवार मराठी नव्हे असें म्हणणारा फिरंग म्हणजे काय हें जाणत नाहीं. उलट, पातें सतराव्या शतकांत दख्खनेंत असणें शक्य आहे एवढ्यावरून ती अमक्याच पुरुषाच्या हातची असें म्हणणाराहि पुराव्याच्या पुढें धांवतो. निर्णय लागावयाचा तो शिलेखान्याच्या यादीनें. कागद व पोलाद यांचा असा परस्परांस आधार आहे.

वाघनखांची गोष्टहि अशीच. साताऱ्यास १८१८ ते १८२२ पर्यंत असलेल्या ग्रँट डफ यांच्याकडे गेलेलीं म्हणून सांगितलीं जाणारीं वाघनखें त्यांच्या वंशजांनीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास दिलीं. तीं जुलै २०२४ मध्यें तीन वर्षांच्या मुदतीनें साताऱ्याच्या संग्रहालयांत आणलीं गेलीं. पेटीवरील मजकुरांत अफझलखानाच्या वधाचा संबंध सांगितलेला आहे. परंतु तीच तीं, हें सिद्ध करतां येत नाहीं असें त्या संग्रहालयानेंच म्हटलें आहे. लोकांनीं भक्तिभावानें दर्शन घ्यावें, त्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. मात्र संशोधकानें टिपणांत ‘परंपरा अशी’ आणि ‘पुरावा असा’ हे दोन रकाने निराळे ठेवले पाहिजेत.

परंपरेचा रकाना रिकामाहि ठेवूं नये. घरांतील वृद्ध माणूस ‘ही तरवार आमच्या पणजोबांनीं अमुक गांवाहून आणली’ असें सांगतो, तेव्हां त्या वाक्यांतील थोर नांव कदाचित् खोटें असेल. पण गांवाचें नांव पुष्कळदां खरें असतें, आणि त्या गांवच्या वतनपत्रांत पुढचा दुवा सांपडूं शकतो.

७

शस्त्रें ठिकाणावरून हाललीं म्हणजे काय होतें, याचा सर्वांत दुःखद दाखला तंजावरचा आहे. व्यंकोजी राजांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावरास मराठ्यांचें राज्य स्थापिलें. १८५५ मध्यें दुसरे शिवाजी निधन पावले व तें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. सरस्वती महालांतील पोथ्या तेथेंच राहिल्या, ही आपलीं भाग्यें. शिलेखान्याच्या नशिबीं तें नव्हतें. १८६३ च्या सुमारास त्यांतील निवडक शस्त्रें मद्रासच्या सरकारी संग्रहालयांत गेलीं, आणि बाकीचा मोठा सांठा मोडून धातूच्या भावानें विकला गेला. जें त्यांतून वांचलें तें व्यापाऱ्यांच्या हातून देशोदेशीं पांगलें. अमेरिकन संग्राहक जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांनीं १९३४ मध्यें शस्त्रास्त्रांचा आपला मोठा सचित्र कोश प्रसिद्ध केला, आणि पुढील वर्षीं त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह मृत्युपत्रान्वयें न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयास मिळाला. त्यांत तंजावरच्या घडणीच्या कित्येक कट्यारी आहेत.

या कट्यारींची मूठ आडव्या दांड्यांची असून हाताच्या पाठीवर नागाच्या फणीसारखें पोलादी आवरण येतें, आणि त्यावर याळी, मकर वगैरे आकृति जाळीदार कोरलेल्या असतात. पात्याच्या जागीं पुष्कळदां युरोपीय तरवारीचा कापून घेतलेला तुकडा खिळ्यांनीं बसविलेला असतो. कलेच्या जाणत्यांनीं यांतील अनेक कट्यारी मराठ्यांच्या पूर्वींच्या, नायकांच्या काळच्या ठरविल्या आहेत. नायकांची सत्ता १६७३ मध्यें संपली व त्यांचा शिलेखाना मागाहून आलेल्या राजांच्या ताब्यांत गेला, हें लक्षांत घेतलें म्हणजे यांत कांहीं विसंगति नाहीं. भांडार भोसल्यांचें, घडण नायकांच्या कारागिरांची, पातें युरोपचें, अशी ती तिहेरी वस्तु आहे. शिलेखाना जागेवर व याद्यांसह राहिला असता तर कोणतें हत्यार केव्हां व कसें आलें, हें आज एका बैठकींत कळलें असतें. आतां एकेक कट्यार निरनिराळ्या खंडांत जाऊन पाहावी लागते. विल्ब्रॅहम एगर्टन यांनीं १८८० मध्यें हिंदी शस्त्रांची सचित्र सूची प्रसिद्ध केली, त्याच्या आधींच हा नाश होऊन गेला होता.

आपल्याकडेहि याच काळांत कमीअधिक प्रमाणांत हेंच घडलें. १८५७ नंतरची शस्त्रें काढून घेण्याची मोहीम आणि १८७८ चा हत्यारांचा कायदा यांमुळें असंख्य हत्यारें जमा झालीं, पुरलीं गेलीं किंवा विळे-कोयत्यांच्या रूपानें लोहाराच्या भट्टींतून बाहेर पडलीं. जीं उरलीं त्यांतील पुष्कळ खंडेनवमीच्या पूजेमुळें उरलीं, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे.

८

शेवटीं, ज्यांच्या घरीं किंवा संग्रहांत अशीं शस्त्रें आहेत त्यांस चार व्यावहारिक सूचना करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

पहिली सूचना स्वच्छतेसंबंधीं. विटकरीची पूड, सँडपेपर, चिंच, लिंबू किंवा तेजाब यांनीं पातें घांसूं नये. शिकलगाराच्या यंत्रावर एकदां धरलेल्या पात्यावरील ठिपक्यांची नोंद व पुसट खूण कायमची जाते. जोहर हिराकसानें पुन्हां उमटवितां येतो, गेलेलें अक्षर येत नाहीं. मऊ फडक्यानें धूळ पुसून खनिज तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. पूजेच्या दिवशीं हळदकुंकू वाहिलें तर दुसऱ्या दिवशीं तें कोरड्या फडक्यानें काढून पुन्हां तेलाचा हात फिरवावा, कारण ओलसर कुंकवाखालीं गंज लवकर धरतो. पातें कायम चामडी म्यानांत ठेवूं नये. म्यान शेजारीं निराळें ठेवावें.

दुसरी सूचना, मूठ तापवून पातें सोडवूं नये, सैल झालेली मूठ नव्या डिंकानें भरूं नये, आणि एका तरवारीचे भाग दुसरीस लावूं नयेत. सैल मूठ हा दोष नव्हे.

तिसरी सूचना टिपणाची. पात्याची लांबी, मुळाशीं रुंदी, पाठीची जाडी, एकंदर वजन आणि तरवार बोटावर तोलली असतां मुठीपासून तोल किती अंतरावर येतो, हीं मापें घ्यावीं. खुणेवर पातळ कागद ठेवून शिसपेनीनें ठसा घ्यावा. दोन्ही अंगांचीं व पाठीचीं छायाचित्रें काढावीं. क्रमांक पात्यावर न लिहितां सुती दोऱ्यानें बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावा. तरवार ज्या घरांतून आली त्या घरच्या कागदांत शस्त्रांची यादी, जप्तीची नोंद, नजराण्याचा उल्लेख वगैरे असल्यास त्यांची नक्कल याच टिपणास जोडावी. तरवार एका संग्राहकाकडे व दप्तर दुसऱ्याकडे गेलें कीं दोन्ही मुकीं होतात.

चौथी सूचना कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु पुरावस्तु ठरते, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूची खाजगी निर्यात करतां येत नाहीं. धारदार हत्यारांस १९५९ चा शस्त्र कायदाहि लागू होऊं शकतो. म्हणून खरेदीची पावती व पूर्वींच्या मालकाचें लेखी निवेदन जपून ठेवावें. तें कायद्यासाठीं लागतेंच, आणि शंभर वर्षांनीं येणाऱ्या संशोधकास तोच अस्सल कागद होईल.

गेल्या कांहीं वर्षांत परदेशीं गेलेलीं शस्त्रें परत आणण्याविषयीं लोकांत उत्साह उत्पन्न झाला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. त्याबरोबर बाजारांतील किंमती व थोर नांवांचे दावे हेहि वाढले आहेत. नांव लागलें कीं किंमत दहापट होते, त्यामुळें नांव लावण्याचा मोह विकणारास पडतो आणि मान्य करण्याचा मोह घेणारास पडतो. यावर उपाय एकच. ज्या शस्त्रांविषयीं कोणीहि दावा केलेला नाहीं, जीं गांवोगांवच्या देवघरांत, माळ्यांवर व ट्रंकांत पडून आहेत, त्यांचीं टिपणें शेंकड्यांनीं गोळा झालीं पाहिजेत. कोणत्या भागांत कोणत्या खुणेचीं पातीं किती, कोणत्या घाटाच्या मुठी कोठें, हें एकदां ठरलें म्हणजे थोर नांवाच्या तरवारीची परीक्षा करण्यास आपणांस तुलनेचा कांटा मिळेल. एकट्या तरवारीवरून निर्णय देणें हें एका सुट्या पत्रावरून इतिहास लिहिण्यासारखें आहे. वाचकांनीं आपापल्या परिसरांतील निदान एका शस्त्राचें टिपण वरील रीतीनें करावें, आणि तें अशा त्रैमासिकांकडे पाठवावें, अशी आमची विनंति आहे.